सिलिंडर, ज्योत आणि आपली भगिनी

मोहने,
कोजागिरीनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप दौलतराव यांच्या सेवेशी,

आपल्या बहिणीचा नवरा सीताराम याचा मोहन्याहून शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे. (इकडे म्हणजे मी एकटाच. चिरंजीव मयूर, सूनबाई कल्पिता आणि नात समृद्धी हे तिघे घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर कुशल आहेत. तिथून खाली बघितलं की मला गरगरतं, म्हणून मी वर बघतच जातो आणि वर बघतच येतो.) आपल्या पायाचं प्लास्टर निघालं का? अलिबागला लेकीकडे राहायचं म्हणजे सुकी मासळी मिळत असेल, पण जिना चढू नका. ठाण्याच्या अग्निशमन दलात तेहतीस वर्षं शिड्या चढलात आणि शेवटी पडलात ते अंघोळीच्या स्टुलावरून, हे मी इकडे कुणालाही सांगितलेलं नाही. दोन-तीन जणांनाच माहीत आहे.

पत्र का लिहितोय, फोन का केला नाही, असं आपण म्हणाल. फोनवर तुम्ही ऐकत नाही. कानात यंत्र असतानाही नाही आणि नव्हतं तेव्हाही नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते ऐकल्यावर तुम्ही ओरडाल, आणि तुम्ही ओरडलात की मी फोन ठेवून देईन. पत्रावर ओरडता येतं, पण मला ऐकू येत नाही. दोघांचीही सोय होते.

मयूरने हौसेने जीपच्या मागे ओढायची घरगाडी करून घेतली, ते आपल्याला ठाऊक आहेच. शीळफाट्याच्या महिपतने पत्रे जोडून ती उभी केली. आत दोन बाकडी, एक ओटा, ओट्यावर शेगडी आणि खिडकीला कल्पिताने शिवलेले पडदे. शनिवार-रविवारी लोकांना फिरायला भाड्याने द्यायची, असा मयूरचा बेत आहे. आपण तेव्हा मुद्दाम पत्र पाठवून चार गोष्टी बजावल्या होत्या. सिलिंडर गाडीच्या बाहेर ठेवा, उभा ठेवून पट्ट्याने बांधा, चाक हलायच्या आधी रेग्युलेटरचं बटण बंद करा, आणि आत कसलीही ज्योत नको. पत्र मी जपून ठेवलं आहे. (म्हणजे त्यात वाती गुंडाळून ठेवल्या होत्या. का, ते पुढे येईल.) सिलिंडर मी उभा ठेवला आणि बांधलाही. पण बाहेर नाही, ओट्याखाली. बाहेर ठेवला तर शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये कोणीही सोडून नेईल, हे मी महिपतला ठणकावून सांगितलं. चोराची एवढी काळजी करणारा माणूस मी, तुमच्या बाकीच्या दोन कलमांचं काय केलं ते आता ऐका. खुर्चीत नीट बसा, पाय वर घ्या.

यंदा घटस्थापनेला कार्ल्याच्या आईची ज्योत आणायचा मान आमच्या घराचा होता. तो मी मागून घेतला होता. समृद्धी जन्मली तेव्हा एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती, हे तुम्हाला आठवत असेल. तेव्हा आपल्या भगिनीने, विमलने, नवस बोललेला, की ही पोर घरी आली तर तुझी ज्योत माझ्या घरी आणीन. पोर घरी आली, शाळेत गेली, इंग्रजीत भांडू लागली, आणि ज्योत राहूनच गेली. एका वर्षी माझे गुडघे, एका वर्षी पाऊस, एका वर्षी सुतक. मग गेल्या श्रावणात विमलच गेली. नवस तसाच राहिला. माणूस गेलं की त्याचं उरलेलं काम घरात फिरत राहतं, असं माझी आई म्हणायची. मी हसायचो. आता हसू येत नाही, कारण घरात माझ्याशिवाय फिरायला कोणी नाही.

ज्योत पोरांनी हातात धरून पळत आणायची असते. पण आमच्या आळीतली पोरं हल्ली मोबाइलवर टाकण्यापुरती शंभर पावलं पळतात आणि मग मोटरसायकलवर बसतात. त्यांना म्हटलं, तुम्ही मोहन्याच्या वेशीवर ताशे घेऊन उभे राहा, ज्योत मी आणतो. समई काचेच्या हंडीत बसवली आणि ती हंडी घरगाडीतल्या ओट्यावर ठेवली. (होय, त्याच ओट्यावर. खाली सिलिंडर.) विझली तर पुन्हा लावायला तिच्यावरूनच पेटवलेला एक कंदील जीपमध्ये माझ्या मांडीवर. अशी जोड असली की ज्योत अखंड राहिली असं धरतात.

आता बटणाबद्दल. मी कंपनीत एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. दोन हजार माणसांची वेळ मी पाळली, पण स्वतःच्या घरातून एकदाही वेळेवर निघालो नाही. कारण आपली भगिनी. कुलूप लावून आम्ही पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यापर्यंत आलो की ती थबकायची आणि विचारायची, "बंद हाय ना?" मी न बघता म्हणायचो, "हाय गं, हाय." तरी ती माघारी जायची. कुलूप काढायची, बटण फिरवून बघायची, त्यावर हातातल्या बांगडीने दोनदा टकटक करायची आणि मगच निघायची. तिच्या पायी आमच्या गाड्या चुकल्या. भिवंडीला तुमच्याच पुतण्याच्या लग्नाला आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून जिलेबी संपलेली होती, मठ्ठा तेवढा उरला होता. चाळीस वर्षं मी तिला त्यावरून चिडवलं. शेजारच्या सुनेचा स्टोव्ह भडकला तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दारात उभी होती, हे मला माहीत होतं. त्या एका आगीतून तुम्ही बंबावर चढलात आणि ती बटण बंद करत राहिली. माहीत असून चिडवलं. याचं आता वाईट वाटतं, ते इथेच लिहून टाकतो, पुढे जागा मिळेल न मिळेल.

तर त्या सकाळी कार्ल्याला मी शेगडीवर सगळ्यांना चहा केला. शेगडी बंद केली. सिलिंडरवरचं बटण चालूच राहिलं. जीपमध्ये बसताना मयूरने विचारलं, बाबा, सिलिंडर बंद केलात ना? मला ते आठवलं होतं. उतरून, घरगाडीचं कुलूप काढून, वाकून बटण फिरवायचं, एवढंच करायचं होतं. पण मनात आलं, जन्मभर माघारी फिरलो, आता तरी एकदा सरळ निघू दे. म्हणालो, "हाय रे, हाय." आणि निघालो.

घाट उतरताना मागून टकटक असा आवाज आला. दोनदाच. मी म्हटलं घरगाडी जीपला जोडायचा आकडा वाजत असेल. खोपोलीला थांबलो, दार उघडलं तर समई विझलेली. हंडी शाबूत, तेल काठोकाठ, वात कोरडी नाही. वारा म्हणाल तर खिडक्या बंद. कंदिलावरून पुन्हा लावली. चहा ठेवायला शेगडी उघडली तर पेटेना. खाली वाकलो तर बटण बंद. बरं, म्हटलं, आपणच सवयीने केलं असेल. (कुठली सवय? चाळीस वर्षांत मी ते बटण चार वेळा फिरवलं असेल.) चालू केलं, चहा केला आणि चालूच ठेवलं. पुढे कळंबोलीला उतरलो तर पुन्हा तेच. समई विझलेली, बटण बंद. मयूरला विचारलं, कल्पिताला विचारलं. दोघं जीपमधून हललेच नव्हते, आणि घरगाडीची किल्ली माझ्या कमरेला. दहा-साडेदहाचं कडक ऊन, शेजारी ट्रकवाले दात घासताहेत, आणि माझ्या हातावर काटा आला. दौलतराव, भीती अंधारातच वाटते असं नाही. उन्हात वाटली की ती लपवायलाही जागा मिळत नाही.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? बटण बंद ठेवलं असतं. मी काय केलं? समई पुन्हा लावली, बटण चालू केलं, आणि देवीचा लाल नाडा घेऊन बटण त्याच जागी सिलिंडरच्या कड्याला बांधून टाकलं. सात गाठी मारल्या. म्हटलं, आता बघू कोण फिरवतंय. हे मी कोणाला उद्देशून म्हटलं ते मला तेव्हाही माहीत होतं. बायकोशी भांडायची सवय चौदा महिन्यांत जात नाही.

शीळफाट्याला पोचलो तेव्हा बरोबर बारा वाजले होते. नेहमीसारखं सगळं तुंबलेलं. कल्याणकडची गाडी हलेना, पनवेलकडची हलेना, ठाण्याकडची हललेली कोणी पाहिलेली नाही. जीपमध्ये समृद्धीला झोप आली आणि पाय पसरायला जागा नाही म्हणून ती रडू लागली. मीच तिला घरगाडीत नेऊन बाकड्यावर निजवलं. चालत्या गाडीत मागे कोणी बसायचं नसतं, पण ही कुठे चालत होती? समई नीट जळत होती. नाडा जागेवर होता, सात गाठींसकट. वास नव्हता. दार नुसतं लोटून मी पुढे आलो, कंदील मांडीवर घेतला आणि ताशे कुठल्या वळणावर सुरू करायचे याचा विचार करता करता डुलकी लागली. मध्ये दोन-चार वेळा गाडी हातभर पुढे सरकून थांबल्याचं तेवढं कळलं.

काचेवर कोणीतरी थाप मारली म्हणून जागा झालो. खाली समृद्धी उभी. अनवाणी, दोन ट्रकच्या मध्ये, एकटी. कल्पिता किंचाळून उतरली आणि तिने पोरीला उचललं. तू बाहेर कशाला आलीस, असं मी ओरडलो. पोर झोपेतच होती. म्हणाली, "आबा, टकटक झालं. बांगडीसारखं. मग मला कोणीतरी उठ म्हटलं." कल्पिताने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. मला एकच दिसत होतं, की समई पुन्हा विझलेली असणार आणि ज्योत मोहन्याला जायची आहे. कंदील हातात घेतला, पेटता कंदील, आणि तरातरा मागे गेलो.

दार ओढलं आणि वास आला. ओट्यावर समई विझलेली होती. मी दारात उभा, हातात ज्योत, एक पाय पायरीवर. तुम्ही इतक्या वर्षांत अशा किती दारांतून काय काय बाहेर काढलं असेल, ते आता तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल. माझ्या डोळ्यांसमोर काहीच आलं नाही. नाकाला कळलं होतं, पण पाय थांबेना. वास डोक्यात चढेपर्यंत माणूस अर्धा आत गेलेला असतो, हे मला त्या दिवशी समजलं.

तेवढ्यात अगदी खांद्यामागून, भाजी आणायला निघताना विचारावं तशा आवाजात कोणीतरी विचारलं, "बंद हाय ना?"

आणि मी, चाळीस वर्षांच्या सवयीने, मागे न बघता म्हणालो, "हाय गं, हाय."

म्हणालो, आणि मग हातातला कंदील विझला. फडफडला नाही, बारीक झाला नाही. कोणी फुंकर मारावी तसा एकदम गेला. काच शाबूत होती. रस्त्यावर वाऱ्याचा पत्ता नव्हता. मागे वळलो तर एक टँकर, त्याचा ड्रायव्हर मोबाइल बघत बसलेला, आणि बाकी कोणी नाही. ज्योत गेली हे कळलं, आणि आपण राहिलो हेही कळलं, पण कुठलं आधी कळलं ते मला आजही सांगता येत नाही.

मग मयूर धावत आला. दार, खिडक्या सताड उघडल्या, अर्धा तास कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. गाडी ढकलत महिपतच्या शेडपर्यंत नेली. त्याने ओट्याखाली शिरून बघितलं. नळी पत्र्याच्या धारेवर घासून घासून फाटली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. म्हणाला, "काका, देव पावला तुम्हाला. बटण वेळेत बंद केलंव म्हणून. नायतर पोरगी, गाडी, आमचा शीळफाटा, समदा गेला असता." मयूर माझ्या गळ्यात पडला. बाबा, बरं झालं तुम्ही बंद केलंत, म्हणाला. कल्पिता माझ्या पाया पडली. आणि मी आशीर्वाद दिला, दौलतराव. काय बोलणार? बटण बंद होतं हे खरं होतं. माझा "हाय" जन्मात पहिल्यांदा खरा निघाला, आणि तो माझ्यामुळे नव्हता.

सिलिंडरखाली लाल नाडा पडला होता. तुटलेला नाही. सातही गाठी सोडवलेल्या, आणि नाडा घडी घालून ठेवलेला. अशी चौपदरी घडी आमच्या घरात एकच माणूस घालायचं. नाडा माझ्या पाकिटात आहे. पत्रासोबत पाठवणार होतो, पण पाठवत नाही.

आता खरं पाप. मोहन्याच्या वेशीवर ताशेवाले उभे होते, सुवासिनी आरत्या घेऊन होत्या. त्यांना काय सांगायचं? मी महिपतच्या शेडमागे गेलो आणि त्याच्या वेल्डिंगच्या ठिणगीवर समई पेटवली. कोणी पाहिलं नाही. तीच ज्योत वाजतगाजत आली. नऊ दिवस अख्खं मोहने तिच्या पाया पडलं. एका बाईने तिच्यापुढे मुलीच्या लग्नासाठी नवस बोलला आणि चौथ्या दिवशी ते ठरलंही. म्हणजे आता मी खरं सांगितलं तर तेही मोडायचं. विमलचा नवस फिटला की नाही, हे मला कळत नाही. तिने पोरीसाठी ज्योत बोलली होती, आणि पोरीसाठी स्वतःच ती विझवली. देवीच्या दरबारात हे कुठल्या रकान्यात बसतं, ते एकतीस वर्षं हजेरी लिहिलेल्या माणसालाही सांगता येत नाही.

असो. घरगाडीचा सिलिंडर आता बाहेर लोखंडी पेटीत आहे, पेटीला कुलूप आहे, नळी नवी आहे. ज्योत आत न्यायची नाही असं मयूरने दारावरच रंगवून घेतलं आहे. आपली चारही कलमं पाळली, म्हणून आता ओरडू नये. पायाची काळजी घ्यावी. लेकीस व जावईबापूंस आशीर्वाद. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे आपल्याला माहीत आहेच.

आपला आज्ञाधारक (कधी नव्हे तो),
सीताराम

ता. क. : खरं काम राहिलंच. पंधरा दिवसांवर भाऊबीज आहे. दरवर्षी ती तुमच्याकडे यायची, यंदा तुम्ही इकडे या. मयूर गाडी पाठवेल. थोरला भाऊ म्हणून तुम्ही तिला एकदा सांगा, की पोर सुखरूप आहे, नवस फिटला, आता जा. माझं ती कधीच ऐकत नव्हती. सांगण्याचं कारण असं, की ज्योत आली त्या दिवसापासून घरातलं बटणही रोज बंद मिळतं. मी कसंही ठेवलं तरी.

दुसरा ता. क. : आपण अग्निशमनवाले आहात म्हणून लपवत नाही. मी ते कसंही ठेवत नाही. शेगडी बंद करतो, आणि बटण मुद्दाम चालू ठेवून टाकीच्या कोपऱ्यापर्यंत चालून येतो. परत येऊन बंद सापडलं की बरं वाटतं. मग चहा करतो. दोन कप होतात, एक मीच पितो. तेव्हा तिला जा म्हणून सांगायचं की नाही, ते इथे आल्यावर ठरवू.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवून टपालात टाकायला निघालो होतो. कोपऱ्यावर माझे पाय आपोआप थांबले. जन्मात पहिल्यांदा मी आपल्या मनाने माघारी फिरलो आणि कुलूप काढलं. बटण चालू होतं. कोणी बंद केलं नव्हतं. थोडा वेळ स्वयंपाकघरात उभा राहिलो, वाट पाहिली. मग मीच बंद केलं, आणि बांगडी नाही म्हणून किल्लीने दोनदा टकटक केलं. पाकीट फोडून हे लिहितोय. तेव्हा आता तिला काही सांगायला नको. पण तुम्ही या, दौलतराव. मी आता रोज नीट बंद करीन, फक्त "बंद हाय ना?" असं विचारायला घरात कोणीतरी हवं.